जाड थेंबाचं नोझल

पाठीवर पंप चढवला की पुंजाराम शेतात असून शेतात नसायचा. डावा हात दांडा हाणत राहायचा, उजव्या हातातली नळी या अंगाहून त्या अंगाला झुलायची, पाय आपले सरीनं पुढं पडायचे. आणि तो स्वतः पैठणहून निघालेल्या कालव्याच्या पाण्याबरोबर वाहत असायचा. वाटेतली गावं, पुलावर पाय सोडून बसलेली माणसं, धुणं आपटणाऱ्या बाया बघत बघत खाली परतूरच्या अंगाला चाललेला असायचा. बांधावरून कुणी हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला त्याची ओ यायची. "पुंजा धुक्यात गेला," असं लोक म्हणायचे.

आणि धुकं त्याला आवडायचंच. नळीच्या तोंडाला पितळेचं गोल नोझल होतं. त्यातून औषध सुटलं की वाफेसारखं पसरायचं, पानाच्या वरून, खालून, देठाच्या बगलेत, सगळीकडं शिरायचं. कापसाला, तुरीला, मिरचीला, सगळ्याला तेच नोझल. कुंभार पिंपळगावच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या कडेच्या त्या गावात पंधरा वर्षं तो हेच काम करत होता. पंप स्वतःचा होता. रोज दिवस मावळायच्या आत तो पंप उघडायचा, गाळणी, वायसर, नोझल धुवून ओट्यावर ओळीनं वाळत घालायचा.

त्याची बायको कौसल्या खुरपणीला जायची. गवत जाळायचं औषध निघालं तसं उसातलं खुरपं बसलं होतं. "यांच्या पंपानं माह्या खुरप्याचा दांडा मोडला," असं ती बायांत हसत म्हणायची. घरी म्हणताना दरवेळी हसायचीच असं नाही.

त्या साली श्रावणात सर्जेरावाच्या आडसाली उसात हरणखुरीच्या तणानं धुमाकूळ घातला. पाच एकर ऊस गुडघ्याएवढा झालेला आणि एकेका कोंबाला तीन-तीन वेल गुंडाळलेले. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सर्जेरावानं पुंजारामला सकाळीच बोलावून घेतलं आणि स्वतः औषध आणायला मोटरसायकलीवर परतूरला गेला. तो आला तेव्हा दुपार कलली होती. गवत जाळायच्या टू-फोर-डीची भुकटी बादलीत घोळली, तसा फिनेलसारखा उग्र वास सगळ्या बांधावर पसरला.

"पाटील, वारं सुटलंय," पुंजाराम म्हणाला. "सकाळच्या पारी धरू का? तवा पान हालत नसतं."

"आन् सकाळी पाऊस आला म्हंजे? बिलकुल न्हाई. जल्दी आटप."

पुंजारामनं डोक्याचं फडकं सोडून नाकाला बांधलं आणि पंप उचलला.

उसाच्या उगवतीला झुंबरबाईचा कापूस होता. मधे एक बांध, त्यावर दोन बाभळी. झुंबरबाईचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. लेक दिलेली, घरात दुसरं कुणी नाही. शेत बटाईनं न देता बाई ते तीन एकर स्वतः कसायची. कौसल्या अकरा वर्षं तिच्याच खुरपणीला. त्या दिवशी झुंबरबाई रानात नव्हती. कापूस कमरेला लागला होता आणि पहिली पिवळी फुलं डोळे उघडत होती.

चार पंप झाले. पाचवा घेऊन पुंजाराम बांधाकडच्या सरीला लागला तेव्हा ऊन त्याच्या पाठीवर होतं. आभाळ नुकतंच धुवून निघालेलं, उसाच्या पातीवर थेंब, आणि वारं पाठीमागून हळूच ढकलत होतं. त्यानं नळी झुलवली आणि समोरच्या धुक्यात रंग उमटले. आधी एक पुसट तांबडी रेघ, मग तिच्या पोटात पिवळी, हिरवी. हात जरा वर केला तशी कमान मोठी झाली. अजून वर केला, तर तिचं एक टोक उसात आणि दुसरं थेट बांधापलीकडं कापसात टेकलं.

तो थांबला. पाय थांबले, पण हात थांबला नाही. दांडा चालूच होता. कमान विरायची, दांडा हाणला की पुन्हा भरायची. आपल्या हातून, आपल्या पितळी नोझलातून एवढं मोठं काही निघतंय याचं त्याला इतकं नवल वाटलं की ऊर भरून आला. आई त्याला लहानपणी लुगड्याच्या झोळीत घालून बांधावरच्या झाडाला टांगायची. लुगड्यातून गाळून येणारा तो हिरवट-तांबडा उजेड त्याला आठवला. किती वेळ गेला ते कळलं नाही. पंप रिकामा होऊन नळी फुसफुसली तेव्हा तो भानावर आला आणि ओशाळून त्यानं इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

तीन एकर झाले आणि पावसाची सर आली. राहिलेले दोन एकर नंतर बघू म्हणून सर्जेरावानं काम थांबवलं.

आठव्या-नवव्या दिवशी कौसल्या खुरपणीहून आली ती पायसुद्धा न धुता ओट्यावर बसली.

"झुंबरकाकूच्या कापसाला कायतरी झालंय," ती म्हणाली. "पानं बघा कशी झालीत." तिनं ओटीत बांधून आणलेला शेंडा त्याच्यापुढं टाकला.

कापसाचं पान पंज्यासारखं रुंद असतं. हे पान भेंडीच्या पानासारखं चिरत गेलेलं होतं. बोटं लांब, अरुंद, बेडकाच्या पायासारखी. शिरा गोळा झालेल्या. देठ पिळवटून खाली वळलेला.

"कव्हापासून?"

"चार-पाच दिवस झाले म्हणं. बांधाकडनं सुरू झालंय."

पुंजारामनं शेंडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. कीड नव्हती, मावा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो रानात गेला. पाच-सात माणसं जमलेली होती. कुणी म्हणे बियाणं खोटं, कुणी म्हणे नवीन रोग हाय, सगळ्या रानात पसरंल, उपटून जाळा. सर्जेरावही आला होता. "काकू, ह्ये बियाणंच बोगस," तो म्हणाला. "माह्या साडूचंबी असंच झाल्तं." झुंबरबाई कुणाकडं बघत नव्हती. वाकून एकेक झाड धरत होती, शेंडा बोटांनी सरळ करून बघत होती, सोडला की तो पुन्हा वळत होता.

पुंजाराम माणसांपासून बाजूला झाला आणि बांधानं चालत गेला. बांधाकडची चार तासं, कापसाच्या चार ओळी, सगळी वाकडी. आत गेलं की कमी, अजून आत गेलं की नुसते शेंडे, आणि अर्ध्या रानापुढं पीक निर्मळ. रोग असा पट्टा धरून चालत नाही. वारं चालतं. आणि दोन बाभळींच्या मधोमध, जिथं तो त्या दिवशी उभा राहिला होता, तिथून बरोबर सुपासारखा पसरत गेलेला एक तुकडा सगळ्यात वाईट होता. तिथली फुलंसुद्धा गळून खाली पडली होती.

बाभळीच्या बुंध्याला हात लावून तो उभा राहिला. पलीकडून सर्जेरावानं त्याच्याकडं बघितलं, नुसतं बघितलं आणि मान फिरवली. पाटलालाही कळलं होतं.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस पुंजारामला कसे गेले ते सांगता येणार नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या रानात पंप घेऊन जायचा, पण पाठीवर पंप चढला तरी आता कालव्याचं पाणी त्याला घेऊन जात नव्हतं. दांड्याचा आवाज ऐकू यायचा, खांद्याला पट्टा काचायचा, औषध घामात मिसळून मानेला चरचरायचं. हे सगळं पंधरा वर्षं होतच असणार, पण आता पहिल्यांदा जाणवत होतं. भाकरी पुढं आली की अर्धी तशीच राहायची.

कौसल्या बघत होती. एका सकाळी चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता ती म्हणाली, "काकू कापूस मोडणार हाय. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी वखर घालणार. शाळवाला रान मोकळं करती म्हणं."

"सगळा?"

"सगळा. पसरंल म्हणून भ्याली हाय. लोकायनं भेवाडलंय तिला."

त्यानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"तुम्ही सांगता का म्या सांगू?" कौसल्यानं विचारलं. तिनं वर बघितलं नव्हतं. भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला.

"तुला काय ठावं?"

"उसातलं हरणखुरीचं वेल बघितलं म्या. मरताना त्येचे शेंडे असेच पिळले होते."

पुंजाराम उठला, पंपाचं नोझल सोडवून खिशात टाकलं आणि पायात वहाणा सरकवल्या. "परतूरला जाऊन येतो," म्हणाला. "मिस्त्रीला इचारतो. ते झाड जगत असंल तर सांगण्यात काय तरी अर्थ हाय."

परतूरला मोंढ्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली रामराव मिस्त्री बसायचा. सगळ्या भागातले पंप त्याच्या हाताखालून गेलेले. म्हातारा झाला होता, एका कानानं कमी ऐकायचा, पण बोटं शाबूत होती. पुंजारामनं त्याच्यापुढं दोन वस्तू ठेवल्या, सुकत आलेला कापसाचा शेंडा आणि पितळेचं नोझल.

मिस्त्रीनं शेंडा बघितला, नाकाशी नेला आणि ठेवून दिला. नोझल मात्र बराच वेळ उजेडात धरून बघितलं.

"ह्या गोल नोझलनं गवताचं औषध मारलं?"

"व्हय."

"वारं होतं?"

"होतं."

"अरे, पंधरा वरसं पंप हाणून राह्यला अन् एवढं कळंना?" मिस्त्री चिडून नाही, नुसता दमून बोलल्यासारखा बोलला. "गोल नोझल किडीसाठी. कीड पानाखाली लपती, तिथं धुकं शिरलं पायजे. गवत कुठं लपतं? ते भुईला समोर पडलेलं हाय. त्येच्यावर धुकं न्हाई, पाणी पडलं पायजे. अन् टू-फोर-डीला कापसाचा लई राग. वास गेला तरी पान फिरवतं."

"जगंल का मिस्त्री?"

"एवढंच झालं असंल तर जगंल. वाकडे शेंडे खुडून टाका. थोडा युरिया पाण्यात कालवून मारा, पण दुसऱ्याच्या पंपानं. तुह्या पंपात आता ते औषध मुरलंय. सोड्यानं चार वेळा धुतल्याबिगर कापसात नेऊ नको. पंधरा-वीस दिवसांनी नवीन पान सरळ येईल. जिथं लई बसलं असंल तिथलं मी सांगू शकत न्हाई."

पुंजारामनं श्वास सोडला. मग म्हणाला, "मला गवताचं नोझल दाखवा."

मिस्त्रीनं डब्यातून तीन नोझल काढली आणि दुकानातल्या पंपात साधं पाणी भरलं. शेडपुढं कोरडी मुरमाची जागा होती. आधी पुंजारामचंच गोल नोझल लावलं. भुईवर बांगडीसारखं ओलं कडं उमटलं, मधे कोरडं. निम्मं पाणी तर भुईवर आलंच नाही, वरच्यावर हलत हलत रस्त्याकडं गेलं. मग पंख्याचं लावलं. त्यातून पातळ पट्टा सुटला, एका रेघेत, मधे दाट आणि कडेला विरळ. पण मिस्त्रीनं दांडा जोरात हाणला तशी पट्ट्याची कड फाटली आणि तिचंही धुकं व्हायला लागलं. तिसऱ्याच्या तोंडाला गोल भोक नव्हतं, आडवी चीर होती आणि वर ओठासारखी जीभ. त्यातून पाणी त्या जिभेवर आपटून रुंद पडद्यासारखं खाली आलं. ज्वारीच्या दाण्याएवढे थेंब.

"परत एकदा लावा," पुंजाराम म्हणाला. "तिन्ही."

या वेळी त्यानं डोळे मिटले. गोल नोझल सुस्कारा सोडत होतं, लांबून कुणी निजेत श्वास घ्यावा तसं. पंख्याचं फरफरत होतं, वाऱ्यावर धोतर वाळत घातल्यासारखं. तिसरं मात्र भुईशी बोलत होतं. सड सड सड. त्या आवाजाला घाई नव्हती. ऐकता ऐकता त्याला वाटलं, आपण अंगणात बसलोय आणि आई सडा टाकतीय. किती दिवसांनी त्याचं मन असं जरा सैल झालं.

"हेच द्या," तो डोळे न उघडता म्हणाला.

"पाणी दुप्पट लागंल ह्याला. एकरामागं पंप वाढतील. मालक लोक कुरकुर करतील."

"करू द्या."

"गुडघ्याच्या वर उचलायचं न्हाई. दांडा हळू हाणायचा, जोर केला की ह्येचंबी धुकं होतं. अन् सकाळी मारायचं." मिस्त्रीनं नोझल पुसून त्याच्या तळहातावर ठेवलं. "आता घरी जा. ज्येचं त्येला सांगून टाक."

तो गावात उतरला त्या दिवशी खांदमळणी होती. दुसऱ्या दिवशी पोळा. घरोघरी बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावणं चाललं होतं. झुंबरबाई गोठ्यात होती. पवळ्याच्या मानेवर, जू बसून बसून दगडासारख्या झालेल्या गाठीवर ती दोन्ही हातांनी तूप जिरवत होती. बैल डोळे मिटून उभा होता.

"काकू."

"ये पुंजा." तिनं हात थांबवले नाहीत.

"कापूस मोडू नका. रोग न्हाई त्यो."

"मंग काय हाय?"

"माह्या पंपाचं हाय. पाटलाच्या उसातलं औषध उडून आलं."

तिचे हात बैलाच्या खांद्यावर तसेच राहिले.

"वारं होतं का?"

"होतं. पण नुसत्या वाऱ्यानं एवढं आलं नसतं." इथवर त्यानं वाटेत घोकून ठेवलं होतं. पुढचं घोकलं नव्हतं. "म्या नळी वर धरली होती."

"कामून?"

गोठ्यात दुसरा बैल वैरण ओढत होता, तेवढाच आवाज. खोटं सांगायला जागा होती. वेल उंच होते म्हणता आलं असतं. सरी चुकली म्हणता आलं असतं.

"धुक्यात रंग पडले होते, काकू. कमान पडली होती. ती बघत उभा राह्यलो."

झुंबरबाई वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. "रंग बघत."

"व्हय."

"किती येळ?"

"एक पंप रिकामा होस्तोर."

तिनं हळदीचा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि ढकललं. म्हातारीच्या हातात केवढा जोर. तो मागं जाऊन गव्हाणीवर आदळला. पांढऱ्या सदऱ्यावर पिवळी पाच बोटं उठली.

"मालक गेल्यापून म्या आभाळाकडं बघितलं ते पाऊस येतो का एवढंच बघितलं रे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दहा वरसं. अन् तू माह्या कापसावर रंग बघत उभा राह्यला?"

तो मान खाली घालून गव्हाणीला टेकून राहिला. तिचा श्वास लागला होता. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तुपाच्या वाटीत बोटं बुडवली आणि बैलाच्या खांद्याला लावली.

"जगंल का?"

"वाकडे शेंडे खुडावे लागतील. मिस्त्री म्हणाला, नवीन पान येईल. बांधाकडच्या चार तासांचं त्यालाबी सांगता आलं न्हाई."

"मंग परवा सकाळी कौसल्याला घिऊन ये. तू बी ये. रोज मागायचा न्हाई."

"न्हाई मागणार."

"अन् सदरा धू. हळद हाय, डाग बसंल."

पोळा झाला. दुसऱ्या दिवसापासून तिघं वाकली. दीड एकर रान, एकेक झाड धरायचं, वाकडा शेंडा नखानं मोडायचा, ओटीत टाकायचा, पुढं सरकायचं. दुपारपर्यंत अंगठ्याची नखं हिरवी-काळी होऊन दुखायला लागायची. कंबर अशी धरायची की उभं राहताना आधी गुडघ्यावर हात ठेवावा लागे. झुंबरबाई पुंजारामशी बोलत नव्हती. पाण्याची घागर कौसल्याकडं द्यायची आणि कौसल्या त्याला द्यायची. पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी त्याच्या हातात काटा मोडला, तेव्हा झुंबरबाईनं न बोलता आपल्या गळ्यातल्या माळेतली पिन काढून पुढं केली.

गोष्ट गावात पसरली होती. सर्जेराव एक दिवस बांधावर येऊन उभा राहिला. "पुंज्या, गावभर बोंब करून राह्यला तू?"

"तुमचं नाव न्हाई घेतलं, पाटील. माझंच घेतलं."

"ऊस कोणाचा हाय, आँ? लोक माह्याकडंच बघणार. ऱ्हायलेल्या दोन एकराला तुझी काही गरज न्हाई. पिंपळगावचा गडी बोलावलाय म्या."

"त्येला हे नोझल लावू द्या." पुंजारामनं कमरेच्या पिशवीतून चिरीचं नोझल काढलं.

"मला नको शिकवू," म्हणून सर्जेराव गेला.

पिंपळगावचा गडी दोन दिवसांनी आला. सकाळ होती, पण वारं लवकर उठलं होतं. उसाची पाती एका अंगाला झुकून सळसळत होती. गड्याच्या नळीला गोल नोझलच होतं. त्यानं पंप भरला, पाठीवर चढवला, जिथं वेल पुन्हा फुटले होते त्या बांधाकडच्या सरीला आला आणि थबकला.

बांधावर, दोन बाभळींच्या मधे, झुंबरबाई मांडी घालून बसली होती. धुतलेलं पांढरं लुगडं नेसलेली. तोंड उसाकडं, वाऱ्याच्या समोर.

"काकू, उठा तिथून," सर्जेराव म्हणाला.

"माह्या बांधावर बसले."

"अंगावर उडंल."

"म्हंजे उडतं म्हणा की."

सर्जेराव तिच्याकडं बघतच राहिला. गडी दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. "पाटील," तो शेवटी म्हणाला, "बाईमाणसाच्या अंगावर म्या औषध मारणार न्हाई. दुसरं कोण बघा." आणि त्यानं पंप उतरवून ठेवला.

हरणखुरीच्या वेलांना पांढरी-गुलाबी फुलं आली होती आणि ती वाऱ्यावर सुखानं हलत होती. अजून आठ दिवस गेले तर ऊस त्यांच्याखाली दबणार, हे सर्जेरावाला दिसत होतं. त्यानं कापसात वाकलेल्या पुंजारामकडं बघितलं.

"आण तुझं नोझल," तो म्हणाला.

"आत्ता न्हाई. वारं हाय. उद्या दिवस उगवताना मारू."

"पाणी लई लागतं म्हणं त्येला?"

"कालवा भरून चालू हाय, पाटील. वाहून आणीन म्या."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना पुंजाराम उसात उतरला. पान हालत नव्हतं. कालव्यावर धुक्याची एक पातळ चादर पसरलेली होती आणि तिच्यातून बगळे एकेक करून वर निघत होते. झुंबरबाई आधीच येऊन बांधावर बसली होती, त्याच जागी, त्याच पांढऱ्या लुगड्यात.

नळी गुडघ्याखाली. दांडा हळू. जाड थेंब वेलांवर पडत होते, पानावरून घरंगळत होते, भुईत मुरत होते. पुंजाराम एकेक पाऊल मोजत चालत होता. मन कुठं गेलं नाही. तरी सगळं इतकं शांत होतं की चालणं आणि पडणारं पाणी आणि उगवतीचा उजेड एकच काहीतरी आहे असं त्याला वाटत होतं, आणि त्या सगळ्यात तो जागा होता. बांधाकडची सरी आली. झुंबरबाईपासून चार हातांवरून तो गेला, परत आला. तिनं डोळे मिटले नाहीत.

सरी संपल्यावर ती उठली. दंडावरून हात फिरवला, गालावरून फिरवला. पदर उजेडात पसरून इकडून तिकडून बघितला. मग बांधाकडच्या कापसाचं एक पान दोन बोटांत चोळून नाकाशी नेलं.

"कोरडं हाय," ती म्हणाली.

सर्जेराव मागं येऊन उभा होता. त्यानंही वाकून पानावरून हात फिरवला आणि तळहात सदऱ्याला पुसला. त्या दिवशी पाणी वाहायला त्यानं स्वतःच्या दोन बादल्या लावल्या. पुढच्या हप्त्यात परतूरहून येताना त्यानं तसली दोन नोझल आणली आणि तिसऱ्याच कुणाच्या तरी हातानं पुंजारामकडं पाठवून दिली.

कापसाला नवीन पान आलं. आधी अर्धं सरळ, अर्धं वाकडं, मग पंज्यासारखं रुंद. बांधाकडच्या चार तासांतली निम्मी झाडं गेलीच. ती झुंबरबाईनं उपटली आणि तिथं हरभरा टोकला. बाकीच्यांना फुलं महिनाभर उशिरा आली. दिवाळीत सगळ्यांचा कापूस घरात आला तेव्हा तिचं अर्धं रान हिरवंच होतं. लोक जाता-येता बघायचे आणि पुढं जायचे.

ते उशिराचं रान पौषात फुटलं. सगळा शिवार करडा झालेला आणि मधेच तो एक पांढरा तुकडा. वेचायला कौसल्या गेली, तिच्यामागं पुंजारामही गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. झुंबरबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधायची एक ओटी पुढं केली.

तीन दिवस वेचणी चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली कापसाचा ढीग झाला होता, ऊन कोवळं होतं, थंडीचं. भाकरी खाऊन झाली. झुंबरबाई ढिगाला टेकून बसली. "जरा टेकते," म्हणाली, "पाच मिंटं." आणि बोलता बोलताच तिची मान कलली. पाय लांब झाले. हात उलटा होऊन कापसात बुडाला.

कौसल्या उठून हाक मारायला गेली. पुंजारामनं तिचा हात धरला.

"निजू दे," तो म्हणाला.

दोघंही तिथंच बसली. दिवस बाभळींच्या मागं गेला, लिंबाची सावली हळूहळू ढिगावर चढली आणि झुंबरबाईच्या तोंडावर आली, तेव्हा पुंजारामनं एक पोतं उचललं आणि तिच्या पायांवर पांघरलं. तिला जाग आली नाही.